शेजारचं जुनं घर पाडताहेत, सामाईक भिंतीचं काय?

माळ्यावरची

आमच्या घराला लागून असलेलं जुनं घर पुढच्या महिन्यात पाडणार आहेत. बारा वर्षं ते बंद आहे. गिलाव्याचे ढलपे पडून विटा उघड्या पडल्यात, माडीची गॅलरी एका अंगाला कललीय, भिंतीतून झाड उगवलंय. उंदीर-घुशी तिथूनच आमच्याकडे येतात. पाडा म्हणून मालकांच्या मागे लागलेल्यांत मीच पुढे होते, त्यामुळे बातमी कळली तेव्हा खूप बरं वाटलं.

पण काल माळ्यावर गेले आणि धास्तावले. त्यांच्या माडीच्या एका तुळईचं टोक आमच्या भिंतीतून इकडे आलेलं दिसलं. बोट लावलं तर वाळवीचा भुसा खाली आला. खालच्या खोलीत त्याच भिंतीला सासूबाईंचा पलंग आहे. ठेकेदार म्हणतो, मशीन लावून दोन दिवसांत जागा मोकळी करून देतो. काम सुरू व्हायच्या आधी मी काय काय करून घ्यायला हवं?

ओळंबा

ताई, तीस वर्षं पाडकामावर देखरेख केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सामाईक भिंतीजवळ मशीन येऊ देऊ नका. तुळईचं एक टोक तुमच्या भिंतीत आहे. पलीकडून मशीनने ओढली की ती पहारीसारखी भिंत उचकटते. निदान भिंतीलगतचा भाग तरी हातानेच, वरून खाली उतरवायचा: आधी छप्पर, मग माडी, मग भिंती. तुळईला खालून टेकू द्यायचा, भिंतीपासून वीतभर अंतरावर करवतीने कापायची आणि आतला तुकडा नंतर हळूच काढून ते भोक लगेच विटांनी बुजवायचं.

दुसरं, इतकी वर्षं दोन्ही घरं एकमेकांना रेटून उभी आहेत. एक गेलं की तुमच्या भिंतीचा आधार जातो. तिरके टेकू लागतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवूनच ठरवा. इथे कुणी फोटो बघून 'काही होत नाही' म्हणालं तर ऐकू नका. माझंही ऐकू नका.

आणि छपरावर करडे पन्हाळी पत्रे आहेत का? जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲसबेस्टॉस असतं. ते फोडायचे नाहीत, वरून फेकायचे नाहीत. पाण्याने भिजवून, बोल्ट सोडवून अख्खे उतरवायचे आणि राडारोड्यात न मिसळता वेगळे द्यायचे. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण श्वासातून फुप्फुसात गेले तर वीस-तीस वर्षांनीही कॅन्सर होऊ शकतो. हे काम तसं प्रशिक्षण घेतलेल्या माणसांकडूनच करून घ्या.

तिसरी पायरी

माझा अनुभव सांगते. आमच्या शेजारचं घर पाडल्यावर आमच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेला. ठेकेदार म्हणाला, तो आधीपासूनच होता. माझ्याकडे एकही फोटो नव्हता, सगळा खर्च आमच्यावर पडला. प्रत्येक खोलीचे, छताच्या कडांचे, फरशीचे फोटो तारखेसकट काढून ठेवा आणि एक प्रत मालकांना आधीच द्या. तडा असेल तिथे शेजारी मोजपट्टी धरा.

चुनाविटा

मला वेगळं विचारायचंय. घर दिसायला वाईट आहे म्हणून पाडायचंच का? चुन्यातलं बांधकाम असेल तर दुरुस्त होतं. गिलावा पडला म्हणजे भिंत मेली असं नाही.

ओळंबा

प्रश्न रास्त आहे. नुसतं रूपच बिघडलं असतं तर मीही दुरुस्तीच सांगितली असती. पण तुळईची टोकं भुसा झाली असतील आणि गॅलरी कललेली असेल, तर आत माणूस पाठवायलाही मला भीती वाटेल. मात्र घाईने भुगा करू नये, हे खरं. चुना सिमेंटपेक्षा मऊ असतो, विटा अख्ख्या सुटतात आणि पुन्हा वापरता येतात.

ताई, जुन्या तड्यांवर काचेची पट्टी आडवी लावा. दोन्ही टोकं सिमेंटने पक्की करा आणि वर तारीख घाला. तडा हलला की काच फुटते. फुटली की काम थांबवायचं, हे मालकांकडून आधीच लिहून घ्या. तुमच्या भिंतीच्या पलीकडच्या अंगाने आजवर पाऊस पाहिलेला नाही, तिकडून गिलावा कोण करून देणार तेही त्याच कागदात येऊ द्या.

माळ्यावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मालकांना माळ्यावर नेऊन ते टोक दाखवलं. बराच वेळ टॉर्च धरून बघत राहिले. भिंतीकडचं काम हाताने करायचं कबूल केलंय, इंजिनिअर परवा येणार आहेत. छपरावर करडे पत्रेच आहेत, ते उतरवायला वेगळी माणसं बघताहेत. जिन्याजवळच्या तड्यावर दोन काचा लावल्या, तारीख मीच घातली. सासूबाईंचा पलंग आजच पलीकडच्या खोलीत हलवला.