मदत हवी आहे: साइटचा हिशेब वहीतून मोबाईलवर कसा आणायचा?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात छोटी बांधकामं घेतो. सध्या बेसा भागात दोन मजली घर सुरू आहे. सगळा हिशेब मिस्त्रीच्या वहीत आणि माझ्या व्हॉट्सअॅपवर. मागच्या आठवड्यात वही पाण्याच्या टाक्यात पडली. पानं उन्हात वाळवली, पण सिमेंटच्या आवकीची शाई पसरून निळा डागच उरला. आता किती पोती आली, किती लागली, देव जाणे.

मला मराठीत चालणारं, नेट नसतानाही नोंद घेणारं साधं अॅप हवंय. मिस्त्री टाइप करत नाही, फोटो मात्र झकास काढतो.

दुसरं, तराईचं, म्हणजे नवं काँक्रीट पाण्याने ओलं ठेवण्याचं. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, त्यामुळे निदान दहा दिवस तरी ओल हवी, चौदा झाले तर उत्तम. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. काँक्रीटवर अंथरलेल्या ओल्या गोणपाटाला दुपारी दोनला हात लावाल तर पापडासारखं कडक! टँकर विकत घ्यायचा आणि अर्धं पाणी नालीत. दिवसातून तीनदा ओल्या गोणपाटाचा वेळेसह फोटो, अशी नोंद कोणी ठेवतं का? की तराईचं रसायन फवारलेलं बरं?

विटा फ्लाय अॅशच्याच घेतो. कोराडी, खापरखेड्याची कोळशावरची वीज केंद्रं जवळच, राखेला तोटा नाही. पण गाडीगणिक विटेची मजबुती बदलते. ट्रिपवार नोंद कशी ठेवता?

महिन्याला हजारो रुपये भरायचं सॉफ्टवेअर कृपया सुचवू नका भाऊ, आपलं काम तेवढं मोठं नाही.