मदत हवी आहे: नंबर पोर्ट करायचाय, १९०० ला मेसेजच जात नाही

वैतागवाडी: नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत जायचंय. पोर्टिंगचा कोड मागवायला १९०० ला मेसेज टाकला की 'पाठवता आला नाही' येतं. कस्टमर केअरला फोन लावला तर बाई नुसत्या ऑफरा वाचतात. आज काम व्हायलाच हवं, लवकर सांगा.

शेवंता: प्रीपेड की पोस्टपेड? रिचार्ज आहे का? सिम कोणाच्या नावावर?

वैतागवाडी: प्रीपेड. माझ्याच नावावर. रिचार्ज आहे, सगळ्यात स्वस्तातला.

नाना_नेटवर्क: तिथेच गोम आहे. स्वस्त पॅकात एसएमएस ठेवायचेच नाहीत, म्हणजे गिऱ्हाईक दाराबाहेर पडणार कसं? डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना बजावलंय, पॅक कुठलाही असो, १९०० ला मेसेज गेलाच पाहिजे. तक्रार टाका, तक्रार क्रमांक मागून घ्या.

बाळ्या: कशाला डोकेफोड? नवीन जिओ घ्या. ते सप्टेंबर २०१६ ला आले म्हणून डेटा स्वस्त झाला.

शेवंता: त्यांना नंबर तोच ठेवायचाय हो.

एकसिमी: @बाळ्या, फुकट वाटून बाकीच्यांचं कंबरडं मोडलं त्याचं काय? एअरसेल गेली, आरकॉम (रिलायन्स कम्युनिकेशन्स) गेली, व्होडाफोन-आयडियाला २०१८ ला एकत्र यावं लागलं.

नाना_नेटवर्क: जुने काय धुतल्या तांदळाचे होते? जिओचे कॉल आपल्या नेटवर्कला जोडायला पुरेसे जोडणी-पॉइंट देत नव्हते. ट्रायने एअरटेल, व्होडाफोन, आयडिया या तिघांना मिळून ३,०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली होती. उलट एअरटेलची जिओच्या फुकट ऑफरांविरुद्धची तक्रार स्पर्धा आयोगाने २०१७ ला फेटाळली.

एकसिमी: फेटाळली कारण तेव्हा जिओचं बाजारात वर्चस्व नव्हतं. आता बघा म्हणावं.

मोरपीस: घरात रेंज नसेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. आमच्याकडे मस्त चालतं.

वैतागवाडी: रेंजचं कोण विचारतंय?? तक्रारीत ट्रायचं नाव घातल्यावर मेसेज गेला. पण कोड नाही, नकार आला. सिम बदलल्याचं काहीतरी लिहिलंय.

शेवंता: सिम बदललंत? कधी?

वैतागवाडी: फोन हरवला म्हणून परवा नवीन घेतलं. नंबर तोच आहे, त्याचा काय संबंध?

शेवंता: आहे ना. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टिंगचा कोड देत नाहीत. दुसऱ्याच्या नंबरचं डुप्लिकेट सिम मिळवून पोर्ट करणाऱ्या भामट्यांसाठी तो नियम आहे. सात दिवस उलटले की परत मेसेज टाका. कोड चार दिवसच चालतो, तेव्हा दुकानात जायच्या बेतानेच मागवा.

वैतागवाडी: म्हणजे आज नाहीच?

बाळ्या: म्हणून म्हणतो, नवीन घ्या.