खापरपणजोबा सापडला, आता त्याच्या पापाचं काय करायचं?

रानजाई
माझे जावई व्हर्जिनियाचे. विहीणबाईंनी दोन वर्षं खपून आपला खापरपणजोबा शोधला. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडून लढलेला साधा शिपाई. हजेरीपटांवरून केलेली त्याची कार्डं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत: 'हजर', 'हजर', 'आजारी, इस्पितळात'. विहीणबाईंना थडग्यावर नवा दगड बसवायचाय. जावई म्हणतात, आधी चर्चमध्ये उभं राहून माफी मागू. चार रविवार झाले, मायलेक एका बाकावर बसलेले नाहीत. तुमच्याकडे काय करतात, असं मला विचारलं. म्हटलं, पिंड देताना त्याने काय केलं होतं हे आम्ही विचारत नाही. पण हे उत्तर माझं मलाच पटलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

तात्या पिट्सबर्गकर
जावयांना बायबलातल्या यहेज्केलचा अठरावा अध्याय वाचायला द्या. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही, असं स्वच्छ लिहिलंय. मेलेल्याच्या वतीने माफी मागणं म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. शिवाय भरती सक्तीची होती, पोरगं करणार काय?

रानजाई
सक्तीचा कायदा एप्रिल १८६२ चा. कार्डावर जून १८६१ आहे. आपणहून गेलाय.

अर्धा कप
तात्या, सोयीचं पान उघडलंत. निर्गमच्या विसाव्या अध्यायात तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत झाडा घेतलाय. त्या हिशेबाने विहीणबाई चौथ्या पिढीत सापडतात आणि जावई सुटतात! थट्टा सोडा. सदर्न बॅप्टिस्ट हा दक्षिणेतला ख्रिस्ती पंथ. ते १८४५ साली वेगळे झाले ते गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावं की नाही यावरून. १९९५ मध्ये त्यांनीच ठराव करून कृष्णवर्णीयांची माफी मागितली. ठरावाला हात वर करणाऱ्यांपैकी एकानेही गुलाम बाळगले नव्हते. तरी मागितली ना?

तात्या पिट्सबर्गकर
संस्थेने मागावी, जरूर मागावी. संस्था मरत नाही, माणूस मरतो. पण या देशाला जाहीर कबुलीची भारी हौस. माइकसमोर डोळे पुसले की लगेच मोकळे.

जुना नकाशा
लिंकनने डोळे पुसले नाहीत. ४ मार्च १८६५ च्या भाषणात म्हणाला, दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाला आळवतात आणि एकमेकांविरुद्ध त्याचीच मदत मागतात. युद्ध जिंकत आलेला असूनही 'अमेरिकन गुलामगिरी' म्हणाला, 'दक्षिणेची' नाही. शिक्षा उत्तर-दक्षिण दोघांना, असं धरून चालला. आणि हा माणूस कुठल्याच चर्चचा सभासद नव्हता!
जोतिबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली तीही गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना. हा शिपाई त्या पानावर बसत नाही, ताई.
दगड आणि माफी दोन्ही राहू द्या. १८६० च्या जनगणनेतली गुलामांची वेगळी यादी पाहिलीत का? मालकाचं नाव असतं, खाली नुसतं वय, लिंग, रंग.

अर्धा कप
आणि नसला मालक तर? बहुतेक शिपायांकडे स्वतःचे गुलाम नव्हतेच. लढला तो कशासाठी, हा प्रश्न तरीही उरतोच.

रानजाई
काल रात्री पाहिली. शिपायाच्या नावावर काही नाही. त्याच्या बापाच्या नावाखाली तीन ओळी: स्त्री ३४, पुरुष ११, स्त्री ४. विहीणबाई चष्मा काढून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "चार वर्षांची." दगडवाल्याला थांबायला सांगितलंय. जावईही माफीचं बोलले नाहीत. आता १८७० च्या जनगणनेत त्याच काउंटीतली ४४ वर्षांची कृष्णवर्णीय बाई शोधतोय. त्यात नावं आहेत.

तात्या पिट्सबर्गकर
माझं मत तेच आहे. पण ४४ च्या बायका ढिगाने निघतील. त्याच घरात १४ ची मुलगी आहे का ते बघा. वयं दोन-तीन वर्षं इकडेतिकडे धरा, तेव्हा अंदाजानेच लिहीत.