मदत हवी आहे: निलगिरी रेल्वे, वाफेचं इंजिन आणि जागा

जानेवारीत दोघं आणि सत्तरीची आई, असे तिघं मेट्टुपालयमहून कुन्नूरला जाणार आहोत. पुढे उटीपर्यंत डिझेल इंजिन लागतं, त्यामुळे तो टप्पा हुकला तरी चालेल. आम्हाला कल्लार ते कुन्नूरचा दातेरी रुळांचा चढ वाफेवरच करायचा आहे.

सकाळी ७:१० च्या गाडीचं तिकीट ६० दिवस आधी, ऑनलाइन आरक्षण उघडताच काढायला बसलो, तरी वेटिंगच आलं. ऑनलाइन वेटिंग चार्टनंतर आपोआप रद्द होतं, हे माहीत आहे. उटीहून दुपारी २ ला सुटणाऱ्या गाडीत तिघांना जागा दिसते आहे. उतरतानाही कुन्नूरपासून खाली वाफेचंच इंजिन असतं, पण चढताना ते मागून डबे ढकलतं आणि जोर लावतानाचा जो आवाज येतो, तो उतारावर कुठला! म्हणून मन चढाच्या गाडीतच अडकलंय. आदल्या रात्री मेट्टुपालयमलाच मुक्काम आहे, तेव्हा पहाटे कितीही वाजता रांगेत उभं राहू शकतो; आईला मात्र तासन्‌तास उभं राहणं जमणार नाही. तारीख एक दिवस पुढेमागे चालेल. टॅक्सीचा पर्याय नको.

अलीकडे गेलेल्यांनी सांगा: अनारक्षित तिकिटं त्याच सकाळी खिडकीवर मिळतात का, साधारण किती, आणि तिघांसाठी रांगेत एकच माणूस उभा राहिला तर चालतो का?