धुरा जाळणं बंद करायचं हाय, पण धुरा अर्धा शेजाऱ्याचा हाय

बांधावरचा_पोट्टा (राळेगाव, यवतमाळ):
राम राम मंडळी. 5 एकर वावर हाय आमचं, कपाशी अन् मधात तुरीचे तास. दरसाल एप्रिलच्या शेवटी बाबा धुऱ्याले, म्हंजे वावराच्या बांधावरच्या वाळक्या गवताले, काडी लावते, आज्यापासून तसंच चालू हाय, लहानपणी मीबी मांगं मांगं पयायचो, मजा वाटे. यंदा वारा फिरला अन् जाळ धुऱ्यावरच्या निंबापर्यंत गेला, एका बाजूची साल पार कोळसा. दुसऱ्या दिवशी राखेत पाय टाकला तं तितराची अंडी सापडली, 6 होती, हातात घेतली तं उकडल्यासारखी टणक, एक तडकलेलं. घरी सांगतलं तं बाबा म्हणते तितरं काय कमी हायेत काय. तवापासून डोक्यातून जाऊन नाई रायलं.
आता पुढच्या सालापासून जाळायचं नाई असं ठरवलं, पण धुरा अर्धा आमचा अर्धा शेजारच्या काकाचा, त्यायनं काडी लावली तं जाळ काय सातबारा पाहून थांबते? कोणी न जाळता धुरा साफ ठेवते काय, अन् शेजाऱ्याले कसं पटवलं? भांडण नको, हीर आमची सामाईक हाय.

हिंगणघाटवाले_काका:
पोट्ट्या, मन चांगलं हाय तुह्यं, पण जाळायचा शौक कोणाले हाय? धुऱ्यावर गवत ठेवलं की कुंद्याचं तण वावरात घुसते, गवतात साप बसते, मजूर भेटत नाई अन् भेटला तं त्याची रोजी पाहून चक्कर येते. माचिसची पेटी केवढ्याले येते सांग. अन् 2017 साली गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली तवापासून कृषीवालेच सांगून रायले का पऱ्हाटी, म्हंजे कपाशीची वाळकी झाडं, वावरात ठेवू नका. मंग आम्ही जाळली तं आम्ही पापी. शयरातले एसी लावून झोपते अन् पर्यावरण आमालेच शिकवते. निसर्गाची जबाबदारी काय कास्तकारानंच घेतली हाय काय?

मोहफूल_धानोरा:
काका, संविधानात 1976 साली 51-क कलम आलं, त्यात जंगल, तळी, नद्या, वन्यजीव सांभाळायचं कर्तव्य लिहिलंय, ते सगळ्याच नागरिकांना, एसीवाल्यांनापण. पण शहरवाला चुकतो म्हणून आपली काडी माफ होत नाही न.
आमच्या गडचिरोलीकडे हेच मोहाच्या बाबतीत आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं पडतात, पाल्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवून द्यायचा अन् साफ जागेवर वेचायचं. एका झाडाखालची आग मग डोंगरावर जाते. वनखातं 15 फेब्रुवारी ते 15 जून आगीचा हंगाम धरतं, जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेला पट्टा, काढतं, पण जाळरेषेच्या आतच कोणी काडी टाकली तर तिचा काय उपयोग. आता काही लोक झाडाखाली जाळी बांधतात, फुलं त्याच्यावरच पडतात, माती लागत नाही, भाव बरा मिळतो. माझी आई तर नुसता खराटा मारते, अर्ध्या तासाचं काम आहे.
मेंढा-लेखा गाव आमच्याच तालुक्यात, 2009 ला साधारण 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, 2011 ला स्वतःचा बांबू विकायला लागले. बांबू आपला म्हटल्यावर त्यात आग कोण लावेल? तुमच्या धुऱ्याचं दुखणं तेच आहे, दोघांचा म्हणजे कोणाचाच नाही.

दर्यापूरची_सून:
काका, पऱ्हाटी काढा म्हणतात ते बरोबर, पण पऱ्हाटी काढणं वेगळं अन् धुरा जाळणं वेगळं, तुम्ही दोन्ही एकाच पेटीत घालून रायले. अन् खरं सांगू का, आपण पऱ्हाट्या उपटून घरामागं सरपणाची गंजी लावतो न, त्यातल्या वाळक्या बोंडात अळी झोपून राहते अन् पावसाळ्यात पतंग होऊन परत वावरात. म्हणून फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावर तीच कपाशी पुढं राखणं, नको, अन् श्रेडर भाड्यानं भेटला तर बारीक करून मातीत टाका. आमच्याकडं चौघांनी मिळून आणला होता.
धुऱ्याचं माझं सोपं हाय. गवत वाळायची वाटच पाहायची नाई, पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत हिरवं हिरवं कापायचं, माझ्याकडं 7 बकऱ्या हायेत. शेजाऱ्याला पटवायला गेलीच नाई मी. म्हटलं भाऊजी तुमच्या बाजूचं गवत मी नेऊ का, ते म्हणाले ने बापा, तेवढंच साफ. तीन वर्षं झाली, उन्हाळ्यात पेटवायला काही उरतच नाई. कुंदा मात्र कापून जात नाई, तो खोदूनच काढा लागते, त्यात सूट नाई.
टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला म्हणून आपण तिच्याकडं डोळे लावून बसतो अन् इकडं तितराची भाजून काढतो, असं हाय आपलं.

बांधावरचा_पोट्टा:
ताई, हे डोक्यातच नाई आलं. मी तं शेजारच्या काकाले भाषण द्यायची तयारी करून रायलो होतो. बकऱ्या नाईत आमच्याकडं, पण एक गाय अन् बैलजोडी हाय, दोन्ही बाजूचं गवत पोळ्याले खपून जाईन. आज संध्याकाळी हिरीवर भेटतेच काका, इचारतो. निंबाच्या जळल्या बाजूले शेण-माती लिंपली हाय, पाहू.

हिंगणघाटवाले_काका:
लिंप लिंप, निंब चिवट असते. अन् ताई, त्या बकऱ्या गावठी हायेत का उस्मानाबादी? केवढ्याले पडल्या ते सांगजा.