एसएमटी लाइन: दिवसाला सहा चेंजओव्हर, क्रम कसा लावावा?

अंबड_प्लॅनिंग
अंबड एमआयडीसीत सर्किट बोर्डावर पार्ट बसवणारी एकच एसएमटी लाइन: सोल्डर पेस्टचा प्रिंटर, दोन प्लेसमेंट मशीन, ओव्हन, एओआय (कॅमेऱ्याने तपासणी). चौदा प्रकारचे बोर्ड, लॉट १५० ते ४०० पॅनेलचे. दोन शिफ्टच्या ९६० मिनिटांत सहा चेंजओव्हर (एका बोर्डावरून दुसऱ्यावर जाताना सेटअप बदलणं), प्रत्येकी ५० मिनिटं, म्हणजे ३०० मिनिटं लाइन उभी. सध्या डिस्पॅचच्या तारखेप्रमाणे क्रम लावतो. लॉट मोठे केले की माल पडून राहतो. नवीन मशीन न घेता काय करता येईल?

सातपूर_एसएमटी
तारखेने क्रम लावू नका. तारीख चुकणार नाही एवढंच बघा. आधी चौदाही बीओएम (पार्टच्या याद्या) एका शीटमध्ये टाकून कोणता पार्ट किती बोर्डांत येतो ते मोजा. १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर, १० के आणि १ के रेझिस्टर जवळपास सगळीकडे निघतील. त्यांचे फीडर (रीलमधून मशीनला पार्ट पुरवणारे) कायमच्या जागी ठेवा. ज्या बोर्डांचे सगळे पार्ट मिळून दोन्ही मशीनच्या स्लॉटमध्ये (फीडरच्या जागांत) मावतात, त्यांची एक फॅमिली. (रुंद टेपचा फीडर एकच स्लॉट धरला की इथला हिशेब हमखास चुकतो.)

फॅमिलीच्या आत फक्त स्टेन्सिल (पेस्ट छापायचा पत्रा), प्रोग्राम, सपोर्ट पिन आणि कन्व्हेयरची रुंदी बदलते. १५ मिनिटं धरा. सहापैकी दोनच पूर्ण चेंजओव्हर राहिले तर ३०० ची १६० मिनिटं होतात.

मात्र फीडर त्या बोर्डासाठी सोयीच्या जागी नसल्यामुळे हेडची धाव वाढते. एका पॅनेलची सायकल ४० सेकंदांवरून ४३ वर गेली असं धरा. एका चेंजओव्हरमागे वाचलेली ३५ मिनिटं म्हणजे २१०० सेकंद, ती ७०० पॅनेलला संपतात. तुमचे लॉट ४०० च्या आत आहेत, तेव्हा फायदा नक्की. हजाराच्या लॉटला स्वतंत्र सेटअपच बरा.

रिफ्लो_प्रोफाइल
वरच्या सल्ल्यात एक धोका आहे. कायमच्या फीडरवर फक्त रेझिस्टर-कपॅसिटरसारखे ओल न धरणारे पार्ट ठेवा. एमएसएल ३ (ओल धरण्याची श्रेणी) च्या आयसीला पाकीट फोडल्यापासून १६८ तास मिळतात, तेही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत. नाशिकच्या जुलै-ऑगस्टमध्ये हॉलला डीह्युमिडिफायर नसेल तर ही अट पाळलीच जात नाही. लॉट संपला की आयसीची रील काढा, उरलेले तास लिहा, ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवा. मुदत गेलेली रील ओल काढायला १२५ अंशांवर बेक करू नका, टेप वाकडी होते. ४० अंशांवर कित्येक दिवस जातात आणि तेवढ्यात तुमचा प्लॅन कोसळतो.

ओव्हन लवकर तापतो, पण निवायला वेळ घेतो. फॅमिलीतले हलके बोर्ड आधी, जास्त उष्णता लागणारे जाड तांब्याचे नंतर.

अंबड_प्लॅनिंग
दोन्ही बाजूंनी पार्ट असलेले तीन बोर्ड आहेत. दोन्ही बाजू एकाच फॅमिलीत घ्याव्यात का?

सातपूर_एसएमटी
स्लॉटमध्ये मावत असतील तर घ्याच. पहिल्या बाजूला एमएसएलचा पार्ट असेल तर रिफ्लोनंतरही (ओव्हनमधून गेल्यावरही) त्याचा तास मोजणं थांबत नाही, म्हणून दुसरी बाजू लगेच लावा. आणि किट (लॉटला लागणारे सगळे पार्ट) पूर्ण असल्याशिवाय लॉट पुढच्या ४८ तासांच्या प्लॅनमध्ये घेऊ नका. ईआरपीत (स्टॉकच्या सॉफ्टवेअरमध्ये) ५००० दाखवणाऱ्या रीलवर प्रत्यक्षात कमी निघतात, कारण मशीनने टाकून दिलेले पार्ट कुणी वजा करत नाही. किट लावताना रील काउंटरवर मोजून घ्या.