उन्हाळ्यावर लिहायचं तर चारोळी का हायकू? यमक पाहिजे का नको?

गोदाकाठ (परभणी):
पारा ४३ ला गेलाय, कुलर लावला तर नुसती गरम वाफ यायलीय, म्हणून ओसरीत बसून चार ओळी लिहिल्या. माझं मत सरळ आहे, उन्हाळ्यावर चारोळीच पाहिजे, यमकाशिवाय मजा नाही.

टँकर गेला गळत गळत
रस्त्यावर ओली रेघ
माय बघते रेघेकडं
तिला वाटतो तो मेघ

रांजण:
पहिल्या दोन ओळी लई भारी राव. पण मेघ कामून आणला? रेघेला जुळावा म्हणूनच ना? हंडे मोजून पाणी भरणारी बाई त्या गळतीकडं बघून मेघ नाही म्हणणार, वाया चाललेलं पाणी बघून तिचा जीव तुटेल. यमकानं तुमच्या मायला खोटं पाडलं. त्यापेक्षा हायकू बरा, कवयित्री शिरीष पैंनी जपानीतून मराठीत आणला तो, तीन ओळींत ५-७-५ अशी १७ अक्षरं, त्यात ऋतू असावा आणि दिसलं तेवढंच सांगायचं. माझा कालचा:

भर दुपार
रांजणाच्या खालती
चिमणी ओली

रांजण पाझरतो, खालची वाळू गार राहते, तिथं पोट टेकवून बसली होती ती.

गोदाकाठ:
चिमणी गोड आहे, मान्य. पण हायकू पाठ होत नाही हो. माझ्या आज्जीला अक्षरओळख नव्हती, पण जात्यावर बसली की ओवीमागून ओवी यायची, ती यमकाच्या जोरावरच. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंचं बोलणं लोकांच्या तोंडात राहिलं ते म्हणता येतं म्हणूनच. अक्षरं मोजणं हे कागदावरचं काम झालं.

सावली (अंबाजोगाई):
मग आपेगावच्या माउलींची ओवी बघा की. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. सातशेच्या वर वर्षं झाली तरी लोकांना पाठ आहे. दादा, तुम्ही पण शेवटची ओळ मोकळी सोडून बघा, मेघाची गरजच पडणार नाही.

रांजण:
ताई, हे नाही पटलं. ओवीत यमक तीनदा वाजतं म्हणून चौथा चरण शांत झाला तरी चालतो, चारोळीत ते एकदाच वाजतं, तेही काढलं तर निव्वळ गद्य राहतंय. यमक ठेवायचं तर ठेवा, पण घरातलं शोधा, आभाळातलं नको.

गोदाकाठ:
रात्री लाईट गेली, अंगणात बाज टाकून हाच विचार केला. यमक सोडणार नाही, पण मेघ काढला:

टँकर गेला गळत गळत
रस्त्यावर ओली रेघ
हंडे मोजून माय ओढते
भिंतीवर कोळशाची रेघ

आमच्या न्हाणीच्या भिंतीवर अशा रेघा खरंच आहेत, आईनं दर खेपेला ओढलेल्या, आणि दिवाळीला रंग देताना ती तेवढी जागा सोडायला लावते.

रांजण:
रेघेला रेघ, ह्याला मी यमक म्हणणार नाही. पण कोळशाची ओळ आता काढू नका.